शालेय दादागिरी

शालेय दादागिरी म्हणजे एका किंवा अनेक विद्यार्थ्यांनी, प्रतिकार करणे कठीण जावे अशा स्थितीतील दुसऱ्या विद्यार्थ्याला जाणूनबुजून आणि वारंवार दिलेला त्रास होय. मारहाण व धमकावणे ही तिची ठळक रूपे असली, तरी सततची टिंगल, अपमानकारक टोपणनाव, वस्तू लपवणे, अफवा पसरवणे आणि वर्गाने एखाद्याला वाळीत टाकणे ही देखील तिचीच रूपे आहेत. हा प्रकार वर्ग, मैदान, प्रसाधनगृह, वसतिगृह, शाळेचा रस्ता, एसटी किंवा स्कूलव्हॅन अशा ठिकाणी घडतो. मोबाइलच्या प्रसारानंतर तो घरापर्यंत पोहोचला आहे.

युनेस्कोने इ.स. २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला (३२ टक्के) आधीच्या महिनाभरात किमान एकदा सहाध्यायांकडून असा त्रास झाला होता. दादागिरीकडे दोन मुलांमधील भांडण म्हणून पाहण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. संशोधनातून मात्र ती संपूर्ण गटाच्या पाठबळावर किंवा मौनावर टिकून राहते, असे दिसून आले आहे. त्यामुळे तिची कारणे, परिणाम आणि उपाय यांचा विचार आता गटाच्या संदर्भात केला जातो.

संज्ञा व व्याख्या

मराठीत या वर्तनासाठी एकच सर्वमान्य शब्द नाही. ‘दादागिरी’ या शब्दातून बलप्रदर्शन व धाकदपटशा सूचित होतो. ‘छळ’ या शब्दातून त्रासाची तीव्रता कळते. तर ‘चिडवणे’, ‘खोड्या काढणे’, ‘टर उडवणे’ हे शब्द त्याच वर्तनाला सौम्य, जवळजवळ खेळकर रूप देतात. महाविद्यालयांच्या संदर्भात ‘रॅगिंग’ हा शब्द प्रचलित आहे. शब्दांचा हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. एखाद्या घटनेचे वर्णन ‘नुसते चिडवले’ असे झाले, की तिच्याकडे शाळेचे व पालकांचे दुर्लक्ष होण्याची शक्यता वाढते.

स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस (१९३१–२०२०) यांनी मांडलेले तीन निकष बहुतेक अभ्यासांत आधारभूत मानले जातात: त्रास देण्याचा हेतू, त्रासाची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या सामर्थ्यातील असमतोल. यांपैकी तिसरा निकष निर्णायक आहे. समान ताकदीच्या दोन मुलांची हमरीतुमरी हे भांडण होय, दादागिरी नव्हे. सामर्थ्य केवळ शरीरबळाचे नसते. वय, संख्या, पैसा, जात, भाषा, वर्गातील लोकप्रियता किंवा दुसऱ्याचे एखादे गुपित ठाऊक असणे, यांतूनही ते निर्माण होते.

या व्याख्येवर काही आक्षेपही घेतले गेले आहेत. समाजमाध्यमावर एकदाच टाकलेले छायाचित्र शेकडो वेळा पाहिले जाते; तेथे पुनरावृत्ती कशी मोजावी, हा त्यांतील एक प्रश्न आहे. अलीकडच्या व्याख्यांमध्ये व्यक्तीच्या हेतूपेक्षा असमतोल निर्माण करणाऱ्या सामाजिक व संस्थात्मक संकेतांवर अधिक भर दिला जातो.

अभ्यासाचा इतिहास

शाळांमधील छळ हा प्रकार जुना असला, तरी त्याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. स्वीडनमधील डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमान यांनी इ.स. १९६९ मध्ये मुलांच्या टोळक्याने एकट्या मुलावर तुटून पडण्याच्या वर्तनाकडे लक्ष वेधले. ओल्वेउस यांचे या विषयावरील संशोधन इ.स. १९७३ मध्ये स्वीडिश भाषेत आणि इ.स. १९७८ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

इ.स. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. सहाध्यायांकडून झालेला छळ हे त्यामागील संभाव्य कारण असल्याचे पुढे आल्यावर तेथील शासनाने इ.स. १९८३ मध्ये शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. तिच्या अनुषंगाने ओल्वेउस यांनी बर्गन शहरातील ४२ शाळांमधील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर प्रतिबंधक कार्यक्रमाचा अभ्यास केला. दोन वर्षांत छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. अन्य देशांतील पुढील प्रयोगांत इतके मोठे यश क्वचितच मिळाले. तथापि शाळेने ठरवले तर छळ कमी करता येतो, हे या अभ्यासातून प्रथमच स्पष्ट झाले.

जपानमध्ये या वर्तनास ‘इजिमे’ म्हणतात. तेथे संपूर्ण वर्गाने एका विद्यार्थ्याला एकटे पाडण्याचा प्रकार विशेष चर्चिला गेला. इ.स. २०११ मध्ये ओत्सू शहरातील एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर देशभर टीका झाली आणि इ.स. २०१३ मध्ये छळ-प्रतिबंधक कायदा संमत करण्यात आला.

प्रकार

शारीरिक दादागिरी: मारणे, ढकलणे, डबा किंवा पैसे हिसकावणे, दप्तर फेकणे, वह्या फाडणे.

शाब्दिक दादागिरी: शिवीगाळ, धमकी, शरीर, रंग, जात, धर्म, आडनाव किंवा पालकांच्या व्यवसायावरून हिणवणे.

सामाजिक दादागिरी: खेळात न घेणे, बाकावर शेजारी न बसणे, इतरांना बोलण्यास मनाई करणे, बदनामी करणे. यात कोणतीही खूण मागे राहत नसल्यामुळे तक्रार करणे व ती सिद्ध करणे दोन्ही कठीण असते.

लैंगिक स्वरूपाची दादागिरी: अश्लील शेरे, नको असलेला स्पर्श, मुलाच्या चालण्या-बोलण्यावरून त्याला ‘बायल्या’ म्हणून हिणवणे.

ऑनलाइन दादागिरी: वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टिंगल करणे, छायाचित्रांत विकृत फेरफार करणे, खोटे खाते उघडणे. शाळा सुटल्यावरही त्रास थांबत नाही, हे या प्रकाराचे वेगळेपण आहे.

युनेस्कोच्या वरील अहवालानुसार मुलग्यांमध्ये शारीरिक, तर मुलींमध्ये मानसिक स्वरूपाचा छळ तुलनेने अधिक आढळतो.

कारणे

वैयक्तिक व कौटुंबिक कारणे

त्रास देणारी मुले आतून भित्री व न्यूनगंडाने ग्रासलेली असतात, असा समज सर्वत्र आढळतो. ओल्वेउस यांच्या संशोधनात त्याला पुष्टी मिळाली नाही. त्यांच्या निरीक्षणानुसार अशा मुलांमध्ये वर्चस्वाची ओढ, आवेगी स्वभाव आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी कमी सहानुभूती ही वैशिष्ट्ये अधिक दिसतात. काही मुले तर बोलकी, हुशार व वर्गात वजन असलेली असतात. शिक्षकांसमोर त्यांचे वागणे आदर्श असल्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार खरी वाटत नाही.

घरातील मारझोड, पालकांचा जिव्हाळ्याचा अभाव, आक्रमकतेला मिळणारी मूक संमती आणि ‘मार खाऊन येऊ नकोस, देऊन ये’ अशी शिकवण यांमुळे दादागिरीची प्रवृत्ती वाढते. मात्र घरी हिंसा पाहणारे प्रत्येक मूल दादागिरी करत नाही आणि सुस्थितीतील प्रत्येक घरातील मूल तिच्यापासून दूर राहते असेही नाही.

गटातील स्थान

किशोरवयात समवयस्कांमधील स्थानाला असाधारण महत्त्व येते. दुर्बळाला सर्वांसमक्ष नमवणे हा ते स्थान मिळवण्याचा स्वस्त मार्ग ठरतो. म्हणूनच दादागिरी बहुधा प्रेक्षकांसमोर घडते. हसण्याने तिला दाद मिळते आणि पुढील वेळी आपल्यावर पाळी येऊ नये म्हणून इतरही त्या हसण्यात सामील होतात.

शाळेचे वातावरण

मधल्या सुट्टीत देखरेखीचा अभाव, गर्दीचे वर्ग, निर्जन जिने व प्रसाधनगृहे यांमुळे संधी मिळते. शिक्षकांचे वर्तनही कारणीभूत ठरते. हजेरी घेताना एखाद्या मुलाचे व्यंगात्मक नाव घेतले, गुणांवरून त्याला वर्गासमोर हिणवले किंवा ‘ढ’ मुलांना शेवटच्या बाकावर बसवले, तर त्याचा अवमान करण्याचा परवानाच जणू वर्गाला मिळतो. वर्गप्रतिनिधीकडे बोलणाऱ्यांची नावे लिहिण्याचा वा शिक्षा देण्याचा अधिकार सोपवल्यास त्याचा गैरवापर होऊ शकतो.

सामाजिक विषमता

कोणाला लक्ष्य करायचे, हे बहुतांशी समाजातील उतरंड ठरवते. युनेस्कोच्या अहवालात शारीरिक स्वरूप हे छळाचे सर्वाधिक आढळणारे कारण असून त्यानंतर वंश, राष्ट्रीयत्व व वर्ण यांचा क्रम लागतो. भारतात यांत जात, धर्म, भाषा, आर्थिक स्थिती व अपंगत्व यांची भर पडते. तोतरे बोलणे, जाड भिंगाचा चष्मा, अध्ययन अक्षमता, शाळेत नव्याने दाखल होणे अशा बाबीही निमित्त ठरतात. निमित्त मुलाच्या अंगी असले, तरी कारण त्याच्यात नसते. एखादे वैशिष्ट्य हिणवण्याजोगे आहे, हे वर्गाने आधीच शिकलेले असते.

सहभागींच्या भूमिका

फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना साल्मिवाल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९९६ मध्ये दादागिरीच्या प्रसंगात वर्गातील मुले कोणत्या भूमिका घेतात, याचे वर्गीकरण मांडले. पीडित व मुख्य त्रास देणारा यांखेरीज त्यात प्रत्यक्ष हातभार लावणारे, हसून उत्तेजन देणारे, अलिप्त राहणारे आणि पीडिताची बाजू घेणारे अशा चार भूमिका आहेत.

कॅनडातील टोरांटो येथे शाळांच्या मैदानांवरील चित्रीकरणाचा अभ्यास करण्यात आला. इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ८८ टक्के प्रसंगी इतर मुले उपस्थित होती, परंतु केवळ १९ टक्के प्रसंगी त्यांनी हस्तक्षेप केला. हस्तक्षेप झाला तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. छळ थांबवण्याचे सामर्थ्य वर्गातच असते, पण ते बहुधा वापरले जात नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

अलिप्त राहणाऱ्या मुलांना छळ मान्य असतोच असे नाही. भीती, काय करावे याचे अज्ञान आणि ‘चुगलखोर’ ठरण्याची धास्ती ही मौनामागील प्रमुख कारणे आहेत. पीडिताला मात्र हे मौन संमतीसारखेच भासते; संपूर्ण वर्ग आपल्या विरोधात आहे, अशी त्याची समजूत होते.

परिणाम

पीडितांवरील परिणाम

तात्कालिक परिणामांत भीती, झोपेच्या तक्रारी, डोकेदुखी, पोटदुखी, एकाग्रतेचा अभाव व शाळा टाळणे यांचा समावेश होतो. वारंवार छळ होणाऱ्या मुलांना शाळेत परकेपणा वाटण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट, तर गैरहजेरीचे प्रमाण दुपटीहून अधिक असते, असे युनेस्कोने नोंदवले आहे. नैराश्य, चिंताविकार आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांच्याशीही छळाचा संबंध आढळतो. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. परंतु छळ हा तिचा धोका वाढवणारा घटक मानला जातो.

परिणाम शालेय जीवनापुरते मर्यादित नसतात. ब्रिटनमध्ये इ.स. १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकालीन मागोवा घेण्यात आला आहे. त्यांपैकी ७,७७१ जणांच्या माहितीचे विश्लेषण इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या ७ ते ११ या काळात वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य व चिंताविकार अधिक होते. त्यांचे शिक्षण व सामाजिक नातेसंबंधही तुलनेने तोकडे राहिले होते. कौटुंबिक परिस्थिती व बालपणीची बुद्धिमत्ता लक्षात घेऊनही हा फरक टिकून राहिला.

त्रास देणाऱ्यांवरील परिणाम

रोखले न गेलेले मूल बळजबरीने कामे होतात, हा धडा शिकते. अशा मुलांमध्ये पुढे व्यसने, हिंसक वर्तन व कायद्याशी संघर्ष यांचे प्रमाण अधिक आढळते. जी मुले स्वतः छळ सोसतात आणि इतरांना छळतातही, त्यांची मानसिक स्थिती सर्वांत चिंताजनक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

पाहणाऱ्यांवरील व शाळेवरील परिणाम

छळ पाहणाऱ्या मुलांना असुरक्षितता व अपराधभाव जाणवतो. चुकीचे उत्तर दिल्यास हसे होईल या भीतीने वर्गात प्रश्न विचारणे कमी होते. अशा वर्गात वरवर शिस्त दिसली, तरी अध्ययनाची हानी सर्वांचीच होते.

लक्षणे

पीडित मुले बहुधा स्वतःहून तक्रार करत नाहीत. त्यामुळे अप्रत्यक्ष खुणांकडे लक्ष द्यावे लागते. त्यांपैकी नेहमी आढळणाऱ्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत:

कंपासपेटी, पट्टी, पेन अशा वस्तू वारंवार हरवणे. डबा न खाता परत आणणे किंवा घरी येताच अतिशय भूक लागणे. नेहमीचा रस्ता टाळणे. दिवसभर प्रसाधनगृहात न जाता घरी येताच धाव घेणे. रविवारी संध्याकाळी पोट दुखणे. सहलीस किंवा स्नेहसंमेलनास जाण्यास नकार. गुणांत अचानक घट. मोबाइल वाजताच चेहरा उतरणे.

यांतील एखाद्याच खुणेवरून निष्कर्ष काढता येत नाही. अनेक खुणा एकत्र आणि सातत्याने दिसल्यास शांतपणे चौकशी करणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात शाळेतील अवमानाचा प्रश्न जातिव्यवस्थेपासून वेगळा काढता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सातारा येथील आपल्या शालेय जीवनाविषयी लिहून ठेवले आहे. त्यांना वर्गात वेगळ्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसल्यास पाणीही मिळत नसे. येथे वेगळे पाडण्याचे काम व्यवस्थेनेच केले होते. अस्पृश्यता पाळणे राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने बेकायदेशीर ठरले असले, तरी जातिवाचक हिणवणूक शाळांमधून पूर्णतः नाहीशी झालेली नाही.

भाषा हेही एक निमित्त आहे. गोंडी, कोरकू, भिली अशा मातृभाषांच्या मुलांची मराठी, ग्रामीण बोली बोलणाऱ्यांची ‘अशुद्ध’ मराठी आणि मराठी माध्यमातून आलेल्यांचे इंग्रजी उच्चार यांची टिंगल होते. ऊसतोडणी किंवा वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले वर्षाच्या मध्यातच शाळा सोडतात व पुन्हा येतात. वर्गात त्यांचे मैत्र पक्के झालेले नसते, त्यामुळे ती सहज एकटी पडतात. आश्रमशाळा व वसतिगृहांत त्रास देणारा व सोसणारा रात्रंदिवस एकाच छताखाली असल्याने तेथे देखरेखीची जबाबदारी अधिक असते.

मराठी साहित्य व चित्रपटांतही या अनुभवाचे चित्रण आले आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात भटक्या समाजातील मुलाच्या शिक्षणाची परवड येते. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबातील शाळकरी जब्याला सहाध्यायांच्या चेष्टेला तोंड द्यावे लागते. त्यातील बघ्यांचा जमाव हा छळाचाच भाग ठरतो.

कायदेशीर तरतुदी

भारतात शालेय दादागिरीसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. विविध कायद्यांतील तरतुदी लागू होतात. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ मध्ये शैक्षणिक संस्थेतील विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक इजा, भीती किंवा लज्जा उत्पन्न करणारे वर्तन रॅगिंग मानले असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारीची दखल न घेणारा संस्थाप्रमुखही त्यात दोषी ठरू शकतो. लैंगिक स्वरूपाच्या घटनांना बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) लागू होतो. जातिवाचक अपमानाच्या बाबतीत अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ महत्त्वाचा आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळास मनाई केली आहे.

आरोपी विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. तेथील प्रक्रियेचा उद्देश मुख्यतः सुधारणा व पुनर्वसन हा असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) इ.स. २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळ व रॅगिंग रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्र शासनानेही शाळांत तक्रारपेटी ठेवणे बंधनकारक केले आहे.

प्रतिबंध व उपाय

फिनलंडच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने तुर्कू विद्यापीठात इ.स. २००६ पासून विकसित झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम अलिप्त मुलांना पीडिताच्या बाजूने उभे करण्यावर भर देतो. अनेक देशांतील प्रतिबंधक कार्यक्रमांच्या इ.स. २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात त्रास देण्याचे प्रमाण सुमारे १९ ते २० टक्क्यांनी आणि त्रास होण्याचे प्रमाण सुमारे १५ ते १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

शाळेच्या पातळीवर पुढील उपाय सुचवले जातात: मधल्या सुट्टीत शिक्षकांची ठरावीक ठिकाणी उपस्थिती, तक्रारपेटी नियमित उघडून नोंद ठेवणे, टोपणनावे न वापरण्याचा नियम शिक्षकांनीही पाळणे, बसण्याच्या जागा व गट शिक्षकांनी ठरवणे, जेणेकरून कोणी ‘उरलेला’ राहू नये, मदत मागणे व चुगली करणे यांतील फरक वर्गात समजावून सांगणे.

पीडित व त्रास देणारा यांना समोरासमोर आणून हस्तांदोलन करवणे ही पद्धत सर्रास वापरली जाते. समान बळाच्या भांडणात ती उपयोगी पडते. छळाच्या प्रकरणात मात्र ती पीडितावर दडपण आणते आणि पुढील त्रास अधिक छुपा होतो. त्यामुळे दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे, त्यानंतर वर्गाशी बोलणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करणे हा क्रम योग्य मानला जातो. सर्वांसमक्ष कठोर शिक्षा किंवा मारहाण केल्यास बळाचा नियमच अधोरेखित होतो.

पालकांनी मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणे, घटनांची तारीखवार नोंद व ऑनलाइन संदेशांचे स्क्रीनशॉट जपणे आणि प्रथम वर्गशिक्षकाशी व नंतर मुख्याध्यापकाशी लेखी संपर्क साधणे उपयुक्त ठरते. ‘मनावर घेऊ नकोस’ किंवा ‘तूच काहीतरी केले असशील’ या प्रतिक्रियांमुळे मूल पुन्हा बोलण्याची शक्यता कमी होते. संकटातील मुलांसाठी १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही ‘टेली-मानस’ सेवा भारतात विनामूल्य उपलब्ध आहे.

नोव्हेंबर महिन्यातील पहिला गुरुवार हा दिवस युनेस्कोतर्फे इ.स. २०२० पासून शाळेतील हिंसा व दादागिरीविरोधी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.